‘दिवा धरलेली ती बाई मला अजून का आवडते?’

सांगलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या असून लवकरच पुण्याला मुलाच्या नव्या घरी राहायला जाणार आहेत. त्यांच्या माहेरच्या माजघरात एक छापील चित्र होते. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताच्या तळव्याने ज्योत झाकणारी, साडी नेसलेली तरुणी त्यात होती. ‘राजा रविवर्म्याचं आहे हे,’ असे त्यांची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. आई गेल्यावर ते चित्र त्यांच्याकडे आले आणि गेली चाळीस वर्षे त्यांच्या भिंतीवर आहे. त्या लिहितात, “संध्याकाळी देवापाशी दिवा लावून वळले, की माझी नजर त्या बोटांवर जाते. बोटे आतून लाल दिसतात. लहानपणी वीज गेली, की आम्ही भावंडे विजेरी मुठीत धरून तस्सेच करायचो.” आता सूनबाईंचे म्हणणे असे, की ‘आई, हे कॅलेंडरसारखं वाटतं, हॉलमध्ये नको.’ याच सूनबाईंनी त्यांना मध्यंतरी हौसेने मुंबईला एका प्रदर्शनाला नेले होते. तिथे वासुदेव गायतोंडे यांच्या एका मोठ्या पिवळसर चित्रापुढे सगळे स्तब्ध उभे होते. “मला मात्र काहीच वाटले नाही. आमचा नातूही असे रंगवील असे मनात आले, आणि तसे मनात आल्याचीच लाज वाटली,” असे त्या म्हणतात. त्यांचे प्रश्न तीन आहेत. माझी आवड हलकी आहे का? मला ते चित्र आवडते, की आई आठवते म्हणून आवडते? आणि या वयात आवड बदलता येते का?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची आवड हलकी नाही. हे आरंभीच स्पष्ट लिहिते, कारण ‘लाज वाटली’ हे शब्द तुमच्या पत्रात दोनदा आले आहेत, आणि चित्रापुढे उभे असताना लाज मनात शिरली, की डोळे चित्र पाहायचे थांबतात आणि शेजारचा माणूस आपल्याकडे कसा पाहतो आहे याचाच अंदाज घेऊ लागतात. तुमच्या बाबतीत त्या प्रदर्शनात हेच झाले असावे असे मला वाटते. परंतु एवढे सांगून पत्र मिटले तर तुमच्या खऱ्या प्रश्नाला मी बगल दिल्यासारखे होईल. एखादे चित्र का आवडते या प्रश्नावर मानसशास्त्राने दीडशे वर्षे काम केले आहे आणि त्यातले काही तुमच्या भिंतीवरच्या चित्राला थेट लागू पडते.

त्याआधी एक दुरुस्ती. तुमच्या वर्णनावरून ते चित्र राजा रविवर्मा यांचे नाही. मूळचे सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी ते 1945-46 च्या सुमारास रंगवले. त्यासाठी त्यांची स्वतःची कन्या गीता दिवा घेऊन उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. रविवर्मा 1906 साली निवर्तले, म्हणजे या चित्राच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी. तरीही असंख्य घरांत ते त्यांच्याच नावावर खपत आले आहे. यात तुमच्या आईची काही चूक नाही. रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या, त्यामुळे भिंतीवरचे देखणे छापील चित्र म्हणजे रविवर्मा असे समीकरण दोन-तीन पिढ्यांच्या मनात पक्के बसले होते.

आता हे वाचल्यावर तुमच्या मनात काय झाले, ते जरा तपासून पाहा. चित्र किंचित कमी मोलाचे झाल्यासारखे वाटले का? वाटले असेल तर ते स्वाभाविक आहे. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना रेम्ब्रांची चित्रे दाखवताना ‘हे अस्सल आहे’ किंवा ‘ही नक्कल आहे’ असे सांगितले, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय घडते ते नोंदवले. सांगितलेले खरे असो वा खोटे, मेंदूच्या पाहण्याच्या भागात त्याने फरक पडला नाही. परंतु ‘अस्सल’ हा शब्द ऐकल्यावर सुखाशी आणि मोलाशी जोडलेला भाग अधिक जागा झाला. डोळ्यांना दिसते तेच दिसते, मोल मात्र कानावर पडलेल्या नावाने हलते. गायतोंडे यांच्या चित्रापुढे स्तब्ध उभ्या असलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाने ते नाव आधी ऐकलेले होते, आणि 2013 साली त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लाखांना गेल्याची बातमीही बहुतेकांनी वाचलेली असणार. त्यांचे स्तब्ध होणे खोटे होते असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्या स्तब्धतेत चित्राचा वाटा किती आणि नावाचा किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही, तेव्हा तिच्याशी ताडून स्वतःला उणे ठरवण्याचे कारण नाही. तुमचे चित्र हळदणकरांचे आहे हे कळल्यावरही आज संध्याकाळी दिवा लावून वळलात की नजर बोटांवर जाईल, आणि तेवढा भाग नावाच्या आधाराशिवाय उभा आहे हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

‘कॅलेंडरसारखे वाटते’ या आक्षेपामागे एक खरा मुद्दा आहे आणि तो मी सूनबाईंच्या वतीने नीट मांडते, कारण त्याचे उत्तरही तितकेच नीट द्यायला हवे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली दाखवून दिले, की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही आवडू लागते. त्याने लोकांना अर्थहीन शब्द, न समजणारी चिनी धाटणीची अक्षरे आणि अनोळखी चेहरे दाखवले. जे जास्त वेळा दिसले तेच लोकांना अधिक बरे वाटू लागले. पुढे कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स कटिंग यांनी हीच गोष्ट खऱ्या चित्रांवर पडताळली. फ्रान्समधल्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांची पुस्तकांतून वारंवार छापली जाणारी चित्रे लोकांना क्वचित छापल्या जाणाऱ्या चित्रांपेक्षा जास्त आवडतात, हे त्यांनी आधी दाखवले. मग आपल्या वर्गात सत्रभर, व्याख्यानाच्या मधूनमधून, काही न बोलता ती दुर्मीळ चित्रे दोन-दोन सेकंद दाखवली, तेव्हा सत्राच्या शेवटी प्रसिद्ध चित्रांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. याचा कठोर अर्थ असा काढता येतो, की आवड म्हणजे निव्वळ सवय, आणि तुमचे चित्र तुम्हाला आवडते ते चाळीस वर्षे समोर टांगलेले आहे म्हणून.

परंतु गोष्ट इथे संपत नाही, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कटिंग यांचाच प्रयोग 2013 साली वेगळी चित्रे घेऊन केला. त्यांनी एकीकडे टॉमस किंकेड या अमेरिकन चित्रकाराची चित्रे घेतली. झाडीतली टुमदार घरे आणि प्रत्येक खिडकीतून ओसंडणारा सोनेरी उजेड अशी ती चित्रे अमेरिकेत प्रचंड खपली आणि समीक्षकांनी त्यांच्यावर सतत नाक मुरडले. दुसरीकडे एकोणिसाव्या शतकातले मान्यवर इंग्रज चित्रकार मिले यांची चित्रे घेतली. निकाल असा लागला, की किंकेडची चित्रे जितक्या जास्त वेळा दिसली तितकी ती कमी आवडू लागली. मिले यांच्या बाबतीत तशी घसरण झाली नाही. म्हणजे वारंवार पाहण्याने काही चित्रे रुजतात आणि काहींचा कंटाळा येतो. एका प्रयोगावरून आणि एका चित्रकारावरून सगळा कायदा बांधता येणार नाही, हे खरेच. तरीही तुम्ही नकळत हाच प्रयोग चाळीस वर्षे चालवला आहे. भिंतीवरच्या बहुतेक चित्रांचे काही महिन्यांत फर्निचर होते, ती दिसेनाशी होतात. तुमचे अजून दररोज तुम्हाला थांबवते. याला केवळ सवय म्हणणे मला पटत नाही, कारण सवयीने डोळा थांबत नाही, तो पुढे सरकतो.

आणि योगायोग पाहा, किंकेडचाही विषय उजेड होता आणि हळदणकरांचाही उजेडच आहे. फरक कुठे पडला असेल? मला वाटते ते असे. किंकेडच्या घरात प्रत्येक खिडकी सारखीच उजळलेली असते, उजेड कुठून आला हे विचारायची सोय नसते आणि तो कुठे अडतही नाही. एका नजरेत सगळे मिळते आणि पुन्हा पाहायला काही उरत नाही. हळदणकरांच्या चित्रात उजेडाचा उगम एकच आहे आणि तोच तळव्याआड गेला आहे. आपल्याला ज्योत दाखवली जात नाही. चेहऱ्यावर पडलेली आभा, मागच्या भिंतीवरची सावली आणि कडांना लालसर झालेली बोटे यांवरून ती कुठे आहे आणि केवढी आहे हे आपले आपण ताडतो. त्यात हे जलरंगातले चित्र आहे. पारदर्शक जलरंगात उजेड हा रंग नसतो, तो खालचा कोरा कागद असतो. चित्रकाराने तेवढी जागा पहिल्यापासून राखून ठेवावी लागते, आणि एकदा गडद पडलेला हात तेलरंगासारखा वरून झाकता येत नाही. बोटांच्या कडेची ती लाली म्हणजे हाताच्या कातडीतून आणि रक्तातून पार झालेला उजेड आहे. रक्त बाकीचे रंग शोषून घेते आणि लाल तेवढा पुढे सोडते, म्हणून विजेरी मुठीत धरली की मूठ लालच दिसते. हळदणकरांनी जे निरखून रंगवले ते तुम्ही भावंडांनी अंधारात स्वतःच्या हातावर पाहिलेले होते. चित्र पाहताना तुमच्या हाताला ते ओळखीचे वाटते.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येऊन उभा राहतो: चित्र आवडते की आई आठवते? या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला, कारण आपली परंपरा आणि आजचे संशोधन यांची उत्तरे इथे जुळत नाहीत. दहाव्या-अकराव्या शतकातले काश्मिरी साहित्यमीमांसक अभिनवगुप्त यांनी रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक असे, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे. रंगभूमीवरचा शोक पाहताना मला माझाच शोक आठवत राहिला, तर करुण रस उमलत नाही. माझे दुःख ‘माझे’ न राहता सर्वांचे व्हावे लागते, त्यालाच साधारणीकरण म्हणतात. मराठी शिकवलेल्या तुमच्यासारखीला हे नवे नाही. या कसोटीवर आईची आठवण हे विघ्नच ठरेल. उलट न्यूयॉर्क विद्यापीठात 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळा जणांना 109 चित्रे दाखवून ‘हे तुम्हाला आतून किती हलवते’ असे विचारले. एक गोष्ट अशी दिसली, की एकाला हलवणारे चित्र दुसऱ्याला बहुधा थंड ठेवते. दुसरी अशी, की ज्या चित्रांना सर्वोच्च गुण मिळाले तेवढ्याच चित्रांच्या वेळी, आपण स्वतःविषयी विचार करताना किंवा आठवणीत रमताना मेंदूचे जे जाळे कामाला लागते, ते जागे झाले. ‘ठीक’ आणि ‘चांगले’ वाटलेल्या चित्रांनी ते हलले नाही. म्हणजे खोलवर भिडणाऱ्या चित्रात ‘मी’ असतोच.

माझे मत विचाराल तर दोन्ही खरे आहे, आणि तुमच्या पत्रात ते एकमेकांशेजारी बसलेले आहे. आई आठवते तेव्हा तुमची नजर कुठे जाते ते तुम्ही स्वतःच लिहिले आहे: माजघराकडे नाही, आईच्या चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे. आठवण तुम्हाला चित्रापासून दूर नेत असती तर तुम्हाला बोटे दिसलीच नसती. एक पडताळा करून पाहा. एखाद्या संध्याकाळी पोस्टकार्डाएवढ्या कागदाने चित्रातली बोटे झाका आणि उरलेले चित्र पाहा. मग बोटे मोकळी करून चेहरा झाका. आई दोन्ही वेळा तितकीच आठवेल. चित्र मात्र पहिल्या वेळी विझल्यासारखे वाटले, तर तुम्हाला ओढणारी गोष्ट चित्रकाराने केलेली आहे असे खुशाल समजा. आणि समजा तसे झाले नाही, दोन्ही वेळा काहीच फरक पडला नाही आणि फक्त आईच आठवली, तरीही ते चित्र जवळ ठेवण्याचे ते पुरेसे कारण आहे. फक्त मग त्याला आईची वस्तू म्हणून मान द्या आणि चित्र म्हणून कोणाशी वाद घालू नका.

आता गायतोंडे. त्यांचा जन्म 1924 साली नागपूरचा, घराणे गोव्याचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. त्यांच्या चित्रांना अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणारी, म्हटलेले त्यांना रुचत नसे. रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफने तो खरवडायचा, रोलर फिरवायचा, पुन्हा थर द्यायचा, अशा रीतीने ते काम करत आणि वर्षाला मोजकीच चित्रे पुरी करत. बहुतेक चित्रांना शीर्षकही नाही. आता मनाच्या बाजूने पाहा. जे झटकन उमगते ते मनाला सुखद वाटते, हे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. हळदणकरांचे चित्र दाराशीच हात धरते: बाई, दिवा, संध्याकाळ. गायतोंडे तसा एकही हात पुढे करत नाहीत. ओळखीची वस्तू नाही, गोष्ट नाही, नाव नाही. अशा वेळी मन ‘यात काही नाही’ असा निकाल फार लवकर देते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एकेका चित्रापुढे किती वेळ थांबतात हे मोजले गेले, तेव्हा निम्म्या वेळा ते सतरा सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. दिव्याच्या चित्राला सतरा सेकंद पुरतात. थरांवर थर चढवून महिनोन्महिने केलेल्या चित्राला कसे पुरतील?

नातवाविषयी मनात आले त्याचेही वाईट वाटून घेऊ नका. हा विचार इतक्यांच्या मनात येतो, की बोस्टन कॉलेजातल्या दोन अभ्यासकांनी त्याचीच परीक्षा घेतली. नावाजलेल्या अमूर्त चित्रकाराचे एक चित्र आणि त्याच्यासारखेच दिसणारे, पण लहान मुलाने किंवा चिंपांझीसारख्या प्राण्याने काढलेले दुसरे, अशा जोड्या त्यांनी लोकांपुढे ठेवल्या आणि काही जोड्यांवर मुद्दाम उलटसुलट चिठ्ठ्या लावल्या. चित्रकलेचे शिक्षण नसलेल्यांनीही निम्म्याहून अधिक वेळा चित्रकाराचेच चित्र उचलले, चिठ्ठी खोटी असतानासुद्धा. प्रत्येक वेळी नव्हे, पण योगायोग म्हणावा त्यापेक्षा नक्कीच जास्त. यामागे हेतू आहे, कोणीतरी विचारपूर्वक हात चालवला आहे, हे आपल्या डोळ्यांना आपल्या मतापेक्षा अधिक कळते.

पुन्हा कधी गायतोंडे समोर आले तर एकट्याने जा, किंवा सूनबाईंना पुढच्या दालनात पाठवून द्या. बाकावर बसा आणि दहा मिनिटे घड्याळाकडे पाहू नका. ‘हे काय आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवून बोटांच्या चित्राला तुम्ही नकळत विचारता तोच प्रश्न विचारा: उजेड कुठून येतो आहे? त्यांच्या चित्रांत तो पुष्कळदा थरांच्या मागून येतो, जणू तळवा इथेही कोणीतरी ज्योतीपुढे धरला आहे आणि हात तेवढा चित्रातून काढून घेतला आहे. मर्ढेकर तुम्ही वर्गात शिकवले असतील. लयीची म्हणून त्यांनी सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे इथे पडताळून पाहा. कोणता रंग कोणाशी जुळतो, कोणता खटकतो, आणि एका कोपऱ्यातली छोटीशी गडद खूण बोटाने झाकली तर सगळा पिवळा विस्तार एका बाजूला कलतो का? मी स्वतः गायतोंडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा काही क्षणांतच पुढे गेले होते. तिसऱ्या वेळी बाकावर बसले आणि उठवेना.

आवड बदलता येते का, या प्रश्नाचे उत्तर यातच आले. ती वाढते, आणि साठीनंतरही वाढते, कारण तिला लागतो वेळ आणि पुन्हा पाहणे, आणि तुमच्याकडे दोन्ही आहे. त्यासाठी जुने टाकून द्यावे लागत नाही. तसेच दहा-दहा मिनिटे बसूनही गायतोंडे भिडले नाहीत, तर तेही मोकळेपणाने म्हणा; वर सांगितलेल्या सोळा जणांचेही एकमेकांशी कुठे जमले होते?

राहिला प्रश्न हॉलचा. हॉल घरातल्या सर्वांचा असतो आणि तिथे काय लावायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे, तेव्हा तेथे आग्रह धरू नका असे मी सुचवते. शिवाय तुमचे चित्र कागदावरचे आहे, आणि नव्या घरांच्या हॉलला मोठ्या काचा असतात. थेट ऊन लागले तर छापील रंग काही वर्षांत उडतात. तुमच्या खोलीत किंवा देवघराजवळ, खिडकीच्या समोर न येणारी भिंत निवडा. पाठीमागचा पुठ्ठा जुना असेल तर फ्रेमवाल्याकडून तो बदलून घ्या, ओल धरली असेल तर कळेल. भिंत तुमच्या उभे राहण्याच्या जागेवरून ठरवा, म्हणजे दिवा लावून वळल्यावर चित्र नजरेसमोर येईल.

आणि भिंतीचा विषय काढण्याआधी सूनबाईंना विजेरीची गोष्ट सांगा. तुम्हाला मुंबईपर्यंत नेऊन गायतोंडे दाखवणारी मुलगी चित्रांवर जीव असलेली आहे. आजवर तिने तुमच्या चित्रातली बाई पाहिली आहे, बोटे बहुधा पाहिलेली नाहीत. खोलीतला दिवा मालवा, मोबाइलची विजेरी तिच्या हातात द्या आणि तिला मूठ मिटायला सांगा. मग चित्रापाशी न्या.